मोडलेला स्क्रू कोणाचा?

दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती दिलेली वस्तू आपल्याच हातात मोडली, आणि ती मोडण्यात आपली चूक थोडी होती किंवा कदाचित नव्हतीही, तर आपण त्या माणसाचे काय देणे लागतो? भरपाई केली की प्रश्न मिटला, की त्यापलीकडेही काही उरते? वाचकहो, प्रश्न नवा नव्हे. शब्बाथशाळेतील मुले तो आपल्या परीने विचारीतच असतात. मैत्रिणीची छत्री वाऱ्याने उलटी होऊन तिच्या काड्या मोडल्या, उसन्या आणलेल्या सायकलीची साखळी तुटली. यात माझा काय दोष, असे ती विचारतात. आपण घाईने 'क्षमा माग बरे' असे सांगून पुढच्या धड्याकडे वळतो. आम्हीही इतकी वर्षे तसेच वळत आलो. गेल्या पावसाळ्यात मात्र एका स्क्रूने आम्हांला तेथेच थांबविले. तो स्क्रू तिळाहून मोठा नव्हता.

आमचे रामनगर जोयडा तालुक्यात, खानापूर-लोंढ्याकडून अनमोड घाटाने गोव्यात उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. काळी नदीवरील सुपा धरण ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे की त्या पाण्याखाली गावे आहेत. १०१ मीटर उंचीचे ते धरण १९८७ साली पुरे झाले. तालुक्याचे जुने ठाणे जे सुपा, तेही बुडाले, आणि तालुक्याचा कारभार जोयड्याला गेला. बुडालेल्या गावांतील पुष्कळ कुटुंबे रामनगरात वसविण्यात आली. येथला पाऊस घाटमाथ्याचा. जूनपासून चार महिने पेटीतल्या कपड्यांना बुरशी येते, शुभवर्तमानाच्या पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटतात, आणि लोखंड म्हणून जे काही घरात असेल ते गंजते. ही गंजाची गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवली.

घड्याळे दुरुस्त करणे हा आमचा धंदा नव्हे, हौस आहे. धर्मशास्त्राची पदविका करीत असताना सुट्टीत घरी येता-जाता बेळगावात एका वृद्ध घड्याळजींच्या दुकानात आम्ही बसत असू. भिंग डोळ्याला लावून चिमट्याने चाक कसे उचलावे हे त्यांनी दाखविले. त्याच वर्षी वर्गात विल्यम पेली यांचे १८०२ सालचे घड्याळ शिकविले जात होते: माळावर घड्याळ सापडले तर ते कोणीतरी घडविले आहे हे आपण ओळखतो, तसे सृष्टीवरून तिच्या कर्त्याला ओळखावे. पेली असेही म्हणतात की ते घड्याळ अधूनमधून चुकले तरी त्यांच्या युक्तिवादाला बाध येत नाही. घडविणाऱ्याविषयी आम्ही पुष्कळ लिहून परीक्षा दिली. दुरुस्त करणाऱ्याचा मात्र त्या धड्यात पत्ता नव्हता.

असो. ज्या घड्याळाविषयी हे लिहीत आहोत ते एच.एम.टी. 'जनता' होते. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एच.एम.टी.ने मनगटी घड्याळे करावयास घेतली. पुढे कितीतरी घरांत परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाला, लग्नातल्या जावयाला आणि निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला हेच घड्याळ मिळत असे. तो घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. पण चावीची 'जनता' आजही पुष्कळांच्या मनगटावर आहे. आत १७ खडे असतात. त्याचे बॅलन्स चाक तासाला १८,००० हेलकावे घेते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. ही सारी चाके पितळेच्या एका जाड पत्र्यावर उभी असतात आणि वरून पितळेचेच लहान पूल त्यांना धरून ठेवतात. ते पूल जखडून ठेवायचे काम पोलादाच्या स्क्रूंचे. त्यांची जाडी जेमतेम एक मिलिमीटर, कधी त्याहून कमी.

घड्याळ आणले ते सत्तरीच्या घरातील एका शेजाऱ्यांनी. त्यांना आम्ही काका म्हणतो. बुडालेल्या गावाकडून ते येथे आले, आणि रामनगरात घर बांधले त्या साली हे घड्याळ घेतले. पावसात शेतात, गोठ्यात, सगळीकडे ते मनगटावर असे. आता थांबले होते. आम्ही पाठीमागचे झाकण काढले तेव्हा आत ओलाव्याचे डाग होते आणि चाकांवरच्या पुलाच्या स्क्रूंपैकी एक तांबूस झाला होता. नीट पाहिले तर तो इतरांसारखा नव्हताही. माथा थोडा मोठा, खाच वेगळी. कोणीतरी दुसऱ्या घड्याळाचा, किंचित जाड स्क्रू त्या भोकात जोर लावून बसविला होता.

येथे आमची चूक सांगितली पाहिजे. गंजलेल्या स्क्रूला हात लावण्यापूर्वी तेलाचा थेंब सोडून त्याला रात्रभर तसाच ठेवावा, स्क्रू-ड्रायव्हरचे पाते खाचेच्या पूर्ण रुंदीचे घ्यावे, आणि सोडविण्याआधी त्याला केसभर आवळून पाहावे, म्हणजे गंजाची पकड सुटते. हे आम्हांला माहीत होते. पण शनिवारची संध्याकाळ होती, वीज जाऊन-येऊन होती, दुसऱ्या दिवशीच्या वर्गाची तयारी राहिली होती. हाताला आले ते पाते घेतले आणि फिरविले. कट असा बारीक आवाज झाला. माथा पात्याबरोबर वर आला, आणि स्क्रूचे अंग पितळेत तसेच राहिले.

अशा वेळी मनात पहिला विचार कोणता येतो हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. पूल आणखी स्क्रूंनी धरलेला होता; तेवढ्यावर घड्याळ चालले असते. तुटलेला माथा लाखेच्या कणाने त्याच्या जागी चिकटविला तर झाकण उघडून पाहणाऱ्यालाही ते कळले नसते. घड्याळांच्या धंद्यात हे घडते. असे चिकटविलेले माथे आम्ही स्वतः पाहिले आहेत. आम्ही तो माथा कागदाच्या पुडीत ठेवला. हरवू नये म्हणून ठेवला असे तेव्हा मनाशी म्हटले. खरे कारण हे की लाखेचा विचार अजून सुटला नव्हता.

दुसरा विचार त्याहून सभ्य दिसणारा होता. यात आपला दोष तो केवढा? जाड स्क्रू घुसविला दुसऱ्याने. घड्याळ पावसात भिजविले मालकाने. गंज चढविला घाटावरच्या हवेने. तो स्क्रू मोडायचाच होता. आमच्या हातात मोडला इतकेच. आमच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याच्या हातात मोडला असता.

कायदाही येथे आपल्या बाजूने बोलतो असे वाटते. भारतीय करार कायदा, १८७२, यात दुसऱ्याच्या ताब्यात सोपविलेल्या मालाविषयी कलमे आहेत. कलम १५१ सांगते की सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घ्यावी. आणि कलम १५२ सांगते की तितकी घेतली असेल, व वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर नाही. दुरुस्तीला दिलेले घड्याळ यातच मोडते. नियम योग्य आहे. असे नसते तर जुन्या घड्याळाला हात लावायला कोणी धजला नसता. निर्गमाच्या २२ व्या अध्यायात याहून कडक नियम आहे: मागून आणलेले जनावर मेले किंवा जायबंदी झाले, आणि धनी तेथे हजर नसेल, तर भरपाई करावी, धनी हजर असेल तर नको. धनी हजर असण्याने एवढा फरक का पडावा, याचे आम्हांला पूर्वी नवल वाटे. आता थोडे उमगते. धनी समोर असतो तेव्हा काय घडले ते तो स्वतः पाहतो. तो नसतो तेव्हा घडले ते फक्त आपल्याला ठाऊक असते, आणि खरे-खोटे सारे आपल्या तोंडी असते. त्या शनिवारी काका आमच्या टेबलापाशी नव्हते.

कायद्याने सूट दिली तरी मनाला ती का पुरत नाही, यावर ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली एका निबंधात विचार केला आहे. त्यांचे उदाहरण लॉरीच्या ड्रायव्हरचे. त्याची काही चूक नसताना एक मूल लॉरीखाली येते. आपण त्या ड्रायव्हरचे सांत्वन करू, तुझा दोष नाही असे त्याला सांगू, आणि ते खरेही असेल. पण त्याने ते लगेच मान्य केले, 'होय, माझा दोष नाहीच' म्हणून तो जेवायला बसला, तर त्या माणसाविषयी आपल्याला काहीतरी खटकेल. रस्त्याकडेला उभे राहून पाहणाऱ्याला जे दुःख होते त्याहून वेगळे काहीतरी ड्रायव्हरला व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. कारण ते त्याच्या हातून घडले. स्क्रूची आणि मुलाची बरोबरी आम्ही करीत नाही; तसे कोणी समजू नये. पण दोष आणि देणे या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते. दोष वाटून घेता येतो: थोडा पावसाचा, थोडा आधीच्या हाताचा, थोडा आमच्या घाईचा. देणे तसे वाटले जात नाही. मोडला तेव्हा पाते ज्याच्या हातात होते, त्याच्याकडे ते सगळे येते.

रविवारी दुपारी आम्ही काकांकडे गेलो आणि सांगितले. स्क्रू आमच्या हातून मोडला, तो काढून दुसरा बसवू, त्याचे पैसे घेणार नाही. इथवर ठीक झाले. पण वाक्य तेथे थांबले नाही. पूर्वी कोणा अडाण्याने भलताच स्क्रू ठोकून बसविला होता म्हणून असे झाले, हेही आम्ही जोडले. काका गप्प राहिले. मग "असेल," एवढेच म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले.

घरी येताना आम्हांला हलके वाटत होते. सत्य सांगितले होते ना! मोडलेले अंग निघावे कसे हा प्रश्न मात्र उरलाच. सुईच्या टोकाने ते ढकलून फिरवून पाहिले. जाड स्क्रू आट्यांत असा रुतला होता की हलेना. शेवटी तो पितळी पत्रा पुडीत बांधून बेळगावच्या त्या घड्याळजींकडे गेलो. आता त्यांचा हात थरथरतो, दुकान मुलगा पाहतो, पण ते गादीवर बसलेले असतात. भिंगातून पाहून त्यांनी विचारले, "मालकाला सांगितलंत काय?"

"होय," आम्ही थोड्या अभिमानानेच म्हणालो.

"काय सांगितलंत?"

आम्ही रविवारचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. ते हसू लागले. म्हणाले, "माझ्याकडं येणारं प्रत्येक घड्याळ अगोदर कुणा अडाण्यानं उघडलेलं असतं बघा. आणि माझ्याकडनं गेलेलं घड्याळ दुसऱ्याच्या दुकानात उघडतात, तेव्हा तो अडाणी मी."

परतीच्या गाडीत ते हसणे आमच्याबरोबर होते. आम्ही काकांना जे सांगितले त्यात खोटे काही नव्हते. स्क्रू खरोखर भलता होता. मग बोचत काय होते? एदेन बागेत आदामाने दिलेले उत्तर आपण मुलांना दरवर्षी शिकवतो. ते एकदा तपासून पाहावे. बायकोने फळ दिले आणि मी खाल्ले, यात घडले नाही असे एक अक्षर नाही. तरीही ते उत्तर ऐकताना आपल्याला त्याची लाज वाटते, कारण खऱ्या गोष्टीचा त्याने आडोसा केला. आमच्या वाक्याचा पहिला भाग काकांसाठी होता आणि दुसरा आमच्यासाठी. काकांना त्या दुसऱ्या भागाचा काहीच उपयोग नव्हता. मुले म्हणतात, "सर, पण आधी त्यानं ढकललं." आपण त्यांना खोटे बोललास काय असे विचारतो, आणि ते खरे बोललेले असतात, म्हणून पुढे काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही. कोणासाठी बोललास, असे विचारायला हवे होते.

आता तुरटीविषयी, कारण ती विद्या सांगण्यासारखी आहे. घड्याळजींनी दिलेला उपाय म्हणजे न्हाव्याकडे असते आणि गढूळ पाण्यात फिरवतात ती साधी तुरटी. तिचे पाणी सौम्य आम्ल असते. पोलाद त्यात हळूहळू विरून जाते. पितळेला आणि माणकाच्या खड्यांना ते धक्का लावीत नाही. काचेच्या पेल्यात गरम पाणी घ्यावे, मुरेल तेवढी तुरटी त्यात घालावी, आणि तो पितळी पत्रा आत सोडून पेला उबदार ठेवावा. अट एकच: जे पोलाद टिकायला हवे त्याचा कणही त्या पाण्यात जाता कामा नये, नाही तर तोही जाईल. म्हणून आधी सारे सुटे करावे लागते, आणि भांडे लोखंडाचे चालत नाही. आम्ही पेला चुलीच्या कडेला ठेवला. थोड्या वेळाने मोडलेल्या स्क्रूच्या जागेवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर येऊ लागली. दर काही तासांनी जाऊन पाहत होतो. बळ लावायचे काही नव्हते. बळानेच तर मोडले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडे थांबले होते. भोकात काळपट गाळ होता. तो लाकडी काडीने निघाला आणि पलीकडचा उजेड दिसला.

पण खरी अडचण नंतर आली. बेळगावहून मोडीत निघालेल्या एका 'जनता'चा मूळचा स्क्रू आणला होता. तो त्या भोकात सैल फिरला. जाड स्क्रूने शिरताना पितळेत स्वतःचे आटे कापून घेतले होते. तुरटीने पोलाद नेले, आटे तसेच राहिले. कारखान्याने त्या जागी जो बसविला असेल तो आता तेथे बसणार नव्हता. बसायचा तर त्या 'अडाण्या'च्या स्क्रूसारखाच हवा. पुन्हा बेळगाव. घड्याळजींच्या मुलाने जुन्या सुट्या भागांच्या डब्या पुढे ठेवल्या. एकेक स्क्रू लावून पाहण्यात आमची दुपार गेली, तेव्हा एक मिळाला. या वेळी पाते खाचेच्या मापाचे घेतले.

घड्याळ चालू झाले. चार दिवस ते आम्ही नजरेखाली ठेवले आणि काकांकडे नेले. त्यांनी वेळ पाहिली नाही. आधी कानाला लावले. मग म्हणाले, "तो स्क्रू आमच्या पोरानं बसवला होता."

आम्ही काही बोललो नाही.

"वीस-बावीस वर्षं झाली. घड्याळ बंद पडलेलं. चौदा वर्षांचा होता, दिवसभर घेऊन बसला. एक स्क्रू हरवला त्याच्याकडनं. मग कुठल्या तरी मोडक्या घड्याळातला काढून घातला. तेव्हापासून चालत होतं, आत्ता बंद पडेपर्यंत."

तो मुलगा वास्कोला असतो, हे आम्हांला ठाऊक होते. फारसा येत नाही, हेही ठाऊक होते. त्या रविवारी काका का गप्प राहिले ते आत्ता कळले. आम्ही म्हणालो, "काका, मी त्याला अडाणी म्हटलं. तसं म्हणायला नको होतं. घाई माझी होती."

"त्याला तरी कुठं ठाऊक होतं," काका म्हणाले. "मलाही वाटलं तेव्हा, मोडून ठेवणार. त्याला मारलंसुद्धा होतं, उघडलं म्हणून. चाललं तरी मी काही बोललो नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "जुना कुठाय?"

तुरटीत विरला, असे सांगितले. कसे, तेही सांगितले. मग आठवले, आणि पाकिटातून कागदाची पुडी काढली. माथा तेवढा राहिला होता. कोणत्या हेतूने तो आम्ही जपून ठेवला होता ते त्या वेळी काकांना सांगितले नाही; ते येथे लिहीत आहोत, आणि हा अंक त्यांच्याकडे जातो.

काकांनी तो माथा तळहातावर घेतला. चष्म्यावाचून त्यांना तो दिसला असेल असे वाटत नाही. पुडी घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, खिशाचे बटण लावले, आणि विचारले, "चावी सकाळी द्यायची की रात्री?"

रोज एकाच वेळी द्या म्हणजे झाले, असे आम्ही सांगितले. सकाळी उठल्यावर बरे.